दहा कोअर असूनही गेम अडखळतो: कमी वॅटच्या प्रोसेसरवर वारंवार येणाऱ्या त्रासाचे निवारण

समस्येचे स्वरूप पुढीलप्रमाणे असते. लॅपटॉप नवा असतो, खोक्यावर प्रोसेसरमध्ये आठ किंवा दहा कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे गणनेचे विभाग, असल्याचे ठळक छापलेले असते, गेम सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे सारे सुरळीत चालते आणि मग चित्र दर काही सेकंदांनी क्षणभर अडकू लागते. टास्क मॅनेजर उघडून पाहिला तर प्रोसेसरचा एकूण वापर जेमतेम २० ते २५ टक्के दिसतो, त्यामुळे तीन चतुर्थांश प्रोसेसर रिकामा बसला आहे असा कुणाचाही समज होतो. मग ड्रायव्हर बदलले जातात, गेम काढून पुन्हा टाकला जातो, शेवटी विंडोजही नव्याने टाकली जाते. दोन दिवस बरे जातात आणि त्रास परत येतो.

गेल्या मे महिन्यात माझ्या भाच्याचा लॅपटॉप याच तक्रारीसह माझ्याकडे तिसऱ्यांदा आला. तो अकरावीत आहे, नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात राहतो आणि शेजारच्या तीन मित्रांबरोबर माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत एक मोठे गाव उभारतो आहे. "मामा, दहा कोअर आहेत ना याच्यात, मग गेम काऊन अटकून राहिली?" हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि आधीच्या दोन्ही वेळी मी त्याला धड उत्तर न देता पंख्यातली धूळ काढून लॅपटॉप परत पाठवला होता. या वेळी मी दोन रविवार त्यावर घालवले. जे हाती लागले ते इथे सविस्तर मांडतो, कारण अनेक लहान कोअर असलेल्या, कमी वॅटच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या बहुतेक गेमना तेच लागू पडते.

एकूण टक्केवारीवरून निदान करू नये

त्या लॅपटॉपचा प्रोसेसर १५ वॅटच्या वर्गातला आहे. त्यात दोन मोठे कोअर आणि आठ लहान कोअर आहेत. मोठा कोअर एका वेळी दोन थ्रेड, म्हणजे क्रमाने करायच्या कामांचे दोन प्रवाह, चालवतो, लहान कोअर एकच चालवतो. त्यामुळे विंडोजला एकूण १२ लॉजिकल प्रोसेसर दिसतात. आता हिशेब पाहा. एक थ्रेड आपल्या पूर्ण ताकदीने, क्षणाचीही उसंत न घेता धावत असला, तरी टास्क मॅनेजरच्या एकूण आकड्यात त्याचा वाटा १०० भागिले १२, म्हणजे सुमारे ८.३ टक्के इतकाच दिसणार. गेमचा सारा वेग त्या एका थ्रेडवर अवलंबून असेल, तर ८.३ टक्के हाच त्याच्यासाठी शंभर टक्के ठरतो. बाकीचे आकडे रिकाम्या जागेचे आहेत आणि ती जागा त्या थ्रेडच्या काहीही उपयोगाची नाही.

टास्क मॅनेजरच्या आलेखावर उजवे बटण दाबून लॉजिकल प्रोसेसरनिहाय आलेख लावले, तरी चित्र पुरेसे स्पष्ट होत नाही. विंडोज एखादा थ्रेड एकाच कोअरवर बांधून ठेवत नाही, तो क्षणाक्षणाला इकडून तिकडे हलवला जातो, आणि म्हणून कुठलाच आलेख शंभरावर टेकलेला दिसत नाही. चार-पाच आलेख अर्ध्या उंचीवर नाचताना दिसतात. मी पहिल्या दोन वेळी नेमका इथेच फसलो होतो.

खरे चित्र थ्रेडनिहाय पाहावे लागते. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातील प्रोसेस एक्सप्लोरर हे मोफत साधन पुरेसे आहे. गेम खिडकीत चालू ठेवावा, साधनातील यादीत गेमच्या प्रोसेसवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज उघडावे आणि थ्रेड्स या टॅबवर जावे. भाच्याच्या लॅपटॉपवर तिथे शेकडाभर ओळी होत्या. त्यांतल्या बहुतेकांपुढचा रकाना रिकामा होता, पाच-सहा ओळींपुढे अर्धा-एक टक्का येऊन जात होता, आणि सर्वांत वरच्या दोन ओळी मात्र ७.९, ८.१, ८.२ अशा आकड्यांवर चिकटून बसल्या होत्या. निदान तिथेच झाले. आठ लॉजिकल प्रोसेसर असलेल्या यंत्रावर हाच आकडा १२.५ च्या आसपास आणि चार असतील तर २५ च्या आसपास शोधावा.

दुसरी चाचणी नेहमी सांगितली जाते: रिझोल्यूशन एकदम खाली आणावे, आणि तरीही एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची (चित्रांची) संख्या, वाढला नाही तर अडचण प्रोसेसरची समजावी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या डेस्कटॉपवर ही चाचणी चोख आहे. कमी वॅटच्या लॅपटॉपवर मात्र तिचा अर्थ सावधपणे लावावा, कारण तिथे प्रोसेसरमध्येच बसवलेले ग्राफिक्स आणि कोअर एकाच वॅटच्या कोट्यातून जेवतात. रिझोल्यूशन कमी केल्यावर ग्राफिक्सचे वाचलेले वॅट कोअरना मिळतात, कोअर थोडे वेगाने धावतात आणि एफपीएस किंचित वाढतो, मग अडचण ग्राफिक्सचीच होती असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

काम वाटून का घेता येत नाही

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० फ्रेमसाठी ३३.३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात गेमला खेळाडूने दाबलेली कळ वाचायची असते, त्यानुसार पात्रे हलवायची असतात, टक्कर झाली का ते पाहायचे असते, हलल्यानंतर कोणत्या वस्तू नजरेच्या टप्प्यात उरल्या ते ठरवायचे असते, आणि मग त्या वस्तू रेखाटण्याच्या आज्ञा ग्राफिक्सकडे धाडायच्या असतात. यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या उत्तरावर उभी आहे. पात्र कुठे पोहोचले हे कळल्याशिवाय ते भिंतीवर आदळले का हे कळत नाही. पंगतीत वाढपी दहा उभे असले तरी वरणाची हंडी उतरवणारा आचारी एकच असेल, तर पंगत त्या आचाऱ्याच्या हाताच्या वेगानेच उठते.

संगणकतज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ साली हीच मर्यादा मांडली, आणि ती आजही तंतोतंत लागू आहे. एक उदाहरण आकड्यांत घेऊ. समजा एका वेगवान कोअरवर एका फ्रेमचे काम २० मिलिसेकंदांचे आहे, त्यातील १२ मिलिसेकंदांचे काम क्रमानेच करावे लागते आणि ८ मिलिसेकंदांचे वाटून घेता येते. असे दोन वेगवान कोअर दिले तर १२ अधिक ४, म्हणजे १६ मिलिसेकंद लागतील आणि ६० एफपीएसचे उद्दिष्ट गाठले जाईल. आता वेगवान कोअर काढून त्यांच्या निम्म्या वेगाचे आठ कोअर द्या. क्रमाने करायचे काम २४ मिलिसेकंदांचे झाले, वाटून घ्यायचे १६ चे झाले आणि आठांत वाटल्यावर २ उरले. एकूण २६ मिलिसेकंद, म्हणजे जेमतेम ३८ एफपीएस. एकट्या वेगवान कोअरने, कुणाच्याही मदतीशिवाय, ५० दिले असते. आठ मंद कोअरची एकूण ताकद चार वेगवान कोअरएवढी आहे, तरी गेमच्या बाबतीत ते एकट्यापुढेही कमी पडतात. हे गणित मी भाच्याला वहीवर करून दाखवले, आणि त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर तेच होते.

याचा अर्थ अनेक लहान कोअर ही कल्पनाच चुकीची, असा मुळीच नाही. सन कंपनीने २००५ साली अल्ट्रास्पार्क टी१ हा आठ कोअरचा, ३२ थ्रेडचा प्रोसेसर आणला तो सर्व्हरसाठी. हजार लोकांनी हजार पाने मागितली तर प्रत्येक मागणी स्वतंत्र असते, एकाला दुसऱ्यासाठी थांबावे लागत नाही, आणि तिथे मंद पण पुष्कळ कोअर अत्यंत फायद्याचे ठरतात. व्हिडिओचे रूपांतर, मोठ्या फाइलचे आकुंचन, अनेक खिडक्या उघड्या ठेवून केलेले कार्यालयीन काम, हेही तसेच. विजेच्या दृष्टीने तर हा मार्ग उघडच शहाणपणाचा आहे. कोअरचा वेग वाढवायचा म्हणजे बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते, खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि म्हणून दुप्पट वेगाला दुपटीहून कितीतरी अधिक वॅट मोजावे लागतात.

गेम बनवणाऱ्यांना या अडचणीची जाणीव फार पूर्वीच करून दिली गेली. २०१३ साली प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन हे दोन्ही कन्सोल एएमडीच्या जॅग्वार या मुळात कमी वॅटसाठी घडवलेल्या आठ कोअरवर आले. पहिल्यात ते १.६ गिगाहर्ट्झने चालत, दुसऱ्यात १.७५ ने. एका कोअरवर विसंबून तिथे निभाव लागणे शक्य नव्हते, त्यामुळे फ्रेमचे काम बारीक तुकड्यांत मोडून मोकळ्या कोअरकडे सोपवण्याची पद्धत मोठ्या गेमांत रुळली. पुढे २०१५ मध्ये डायरेक्टएक्स १२ आणि २०१६ मध्ये व्हल्कन आले आणि रेखाटनाच्या आज्ञा अनेक थ्रेडवरून तयार करणे खऱ्या अर्थाने सोयीचे झाले. डायरेक्टएक्स ११ मध्ये तो भार प्रत्यक्षात बहुतांशी एकाच थ्रेडवर पडे. एवढे होऊनही जगाची स्थिती ठरवणारा भाग आजही पुष्कळ गेमांत एकाच मुख्य थ्रेडवर आहे. गेम बनवण्याच्या अनरियल या साधनात त्याला गेम थ्रेड म्हणतात, युनिटीमध्ये मेन थ्रेड.

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत जग सेकंदाला २० टिक या ठेक्यावर पुढे सरकते, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. एकटे खेळत असतानाही आतल्या आत एक सर्व्हर चालू असतो आणि त्याच्या टिकचे काम एका थ्रेडवर होते. चित्र रेखाटणारा थ्रेड वेगळा असतो. भूभागाचे तुकडे, म्हणजे चंक, घडवण्याचे काम मात्र इतर कोअरवर वाटले जाते. प्रोसेस एक्सप्लोररमधील वरच्या दोन ओळी कोणाच्या होत्या ते यावरून लक्षात येईल. एफ३ ही कळ दाबली की इंटिग्रेटेड सर्व्हर असा उल्लेख असलेल्या ओळीत टिकला लागणारे मिलिसेकंद दिसतात. भाचा एकटा असताना तो आकडा ३० च्या घरात होता, तिन्ही मित्र जोडले गेले की ५० ओलांडत होता, आणि तिथून पुढे गाई-कोंबड्या जागच्या जागी थिजू लागत, फोडलेला ठोकळा परत उगवे.

मोठे-लहान कोअर एकत्र असल्याने येणारी वेगळी अडचण

इंटेलने २०२१ च्या अखेरीस बाराव्या पिढीपासून मोठे आणि लहान कोअर एकाच प्रोसेसरमध्ये सर्रास आणले. कोणता थ्रेड कुठे ठेवावा याची सूचना प्रोसेसर विंडोज ११ ला देत असतो. मुख्य थ्रेड मोठ्या कोअरवर राहिला तर उत्तमच. परंतु गेमची खिडकी मागे गेली, बॅटरी वाचवणारा मोड चालू झाला किंवा गेमने एकाच वेळी बारा थ्रेड सोडले, की मुख्य थ्रेड लहान कोअरवर जाऊन पडण्याची शक्यता वाढते, आणि त्या क्षणी फ्रेमचा वेळ एकदम वाढतो.

याहून कमी बोलली जाणारी अडचण अशी की काही गेम वाटून घेण्याजोगे काम सर्व कोअरना समसमान वाटतात. दोन मोठे कोअर आपला वाटा उरकून मोकळे होतात आणि सर्वांत मंद कोअरची वाट पाहत बसतात, कारण सर्वांचे काम झाल्याशिवाय फ्रेम पुढे जात नाही. त्यात हे वाट पाहणेही अनेकदा झोपून होत नाही. थ्रेड "काम आले का, काम आले का" असे अखंड विचारत फिरत राहतो आणि वॅट जाळतो. म्हणून ज्या गेमच्या सेटिंग्जमध्ये वर्कर थ्रेडची संख्या कमी करण्याची सोय आहे, तिथे ती जरूर कमी करून पाहावी. दहाऐवजी चार ठेवल्यावर गेम अधिक समतोल चालल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

वॅट आणि नागपूरचा उन्हाळा

आता पहिली काही मिनिटे बरी का जातात, या प्रश्नाकडे वळू. १५ वॅट हा सतत चालण्याचा आकडा असतो. अल्प काळासाठी प्रोसेसरला त्याहून बरेच वर जाण्याची मुभा असते. बाराव्या पिढीच्या १५ वॅटच्या वर्गात ती कागदोपत्री ५५ वॅटपर्यंत आहे, प्रत्यक्षात किती वेळ आणि किती द्यायचे हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. ती मुदत संपली की सर्व कोअर आणि ग्राफिक्स मिळून पुन्हा १५ वॅटमध्ये भागवावे लागते. मुख्य थ्रेडचा कोअर सुरुवातीला चार गिगाहर्ट्झच्या पुढे धावत असतो, तो मग दोन-अडीचपर्यंत उतरतो, आणि वरच्या गणितातले क्रमाने करायचे काम त्याच प्रमाणात लांबते.

एचडब्ल्यूइन्फो या साधनात सेन्सरची खिडकी उघडून तीन ओळींवर नजर ठेवावी: पॅकेज पॉवर, कोअरचे तापमान आणि कोअरचा इफेक्टिव्ह क्लॉक, म्हणजे प्रत्यक्ष वेग. पॉवर १५ वर येऊन स्थिरावली आणि तापमान ७०-८० असेल, तर बंधन वॅटचे आहे. पॉवर १५ च्याही खाली, ११-१२ वर आली आणि तापमान शंभरीला टेकले असेल, तर बंधन उष्णतेचे आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे हा भेद केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि नवतपाच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत दुपारी गच्चीखालच्या खोलीत कूलर लावूनही लॅपटॉपला थंड हवा मिळत नाही. भाच्याचा लॅपटॉप त्या खोलीत गादीवर ठेवलेला असे. दुपारी तीन वाजता आकडे घेतले तेव्हा बंधन उष्णतेचे निघाले. रात्री दहा वाजता त्याच लॅपटॉपवर, तोच गेम, तेच गाव असताना ते वॅटचे निघाले. तक्रार कधी येते, कधी येत नाही, याचे कोडे इथे सुटले. लॅपटॉप टणक पाटावर ठेवून मागची कड दोन बोटे उचलली, एवढ्याने दुपारचा फरक बराच भरून निघाला. कूलरच्या थेट झोतात मात्र लॅपटॉप कधीही ठेवू नये. त्या झोतासोबत येणारे पाण्याचे बारीक तुषार आणि आपल्या पाण्यातला क्षार पंख्यात, बोर्डवर साचतो. लॅपटॉप खोलीच्या दुसऱ्या बाजूला ठेवून खिडकी किंचित उघडी ठेवणे हाच योग्य मार्ग आहे.

लाईट जाण्याचाही येथे संबंध आहे. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि पॉवर मोड बदलतो. दुपारी दोन-तीनदा असे झाले तर गेम मधेच मंद का झाला ते कळत नाही. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये चार्जर लावलेला असताना बेस्ट परफॉर्मन्स निवडलेले आहे ना, ते चार्जर प्रत्यक्ष लावूनच पाहावे. चार्जर मूळचाच वापरावा; ६५ वॅटच्या जागी कमी वॅटचा टाइप-सी चार्जर लावला तर कित्येक लॅपटॉप आपणहून वेग कमी करतात.

उपाय, ज्या क्रमाने मी केले त्या क्रमाने

सर्वांत आधी एफपीएसला मर्यादा घातली. हा उपाय लोकांना उलटा वाटतो, परंतु वॅट सामायिक असलेल्या यंत्रावर याच्याइतका परिणामकारक उपाय मला दुसरा आढळलेला नाही. गेम मोकळा सोडला की ग्राफिक्स कधी ७०, कधी ९० फ्रेम काढण्यासाठी धडपडते आणि त्या धडपडीत कोअरचे वॅट खाऊन टाकते. मर्यादा ४० ठेवल्यावर ग्राफिक्स प्रत्येक फ्रेमनंतर क्षणभर विसावते, वाचलेले वॅट मुख्य थ्रेडच्या कोअरला मिळतात आणि त्याचा क्लॉक वर चढतो. सरासरी एफपीएस कमी झाला, पण अडखळणे पुष्कळच कमी झाले, आणि डोळ्यांना त्रास अडखळण्याचाच होतो.

त्यानंतर मुख्य थ्रेडवरचा भार उतरवला. गेमच्या सेटिंग्जमध्ये कोणती गोष्ट कोणाच्या माथी पडते हे ओळखणे इथे महत्त्वाचे आहे. रिझोल्यूशन, टेक्स्चर, अँटी-अलायझिंग यांचा भार ग्राफिक्सवर असतो. ते कमी करून मुख्य थ्रेडला थेट दिलासा मिळत नाही. नजरेचा टप्पा, गर्दीची घनता, रहदारी, तुटफूट आणि भौतिकीची गणिते, सावल्यांमुळे वाढणाऱ्या रेखाटनाच्या आज्ञा, यांचा भार कोअरवर असतो. माइनक्राफ्टमध्ये १.१८ या आवृत्तीपासून रेंडर डिस्टन्स आणि सिम्युलेशन डिस्टन्स असे दोन आकडे वेगळे केले आहेत, आणि दुसरा आकडा टिकच्या थ्रेडशी थेट जोडलेला आहे. आकडा १२ असेल तर खेळाडूभोवती २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ चंक जिवंत ठेवावे लागतात. ५ केला तर ११ गुणिले ११, म्हणजे १२१. एवढा मोठा फरक दुसऱ्या कोणत्याही एका सेटिंगने पडत नाही. रेंडर डिस्टन्स १२ वरून ८ वर आणला, सिम्युलेशन डिस्टन्स ५ केला, आणि एफ३ च्या ओळीतील आकडा ३० वरून १५ च्या आसपास आला. गावाच्या मध्यभागी मुलांनी हॉपरच्या, म्हणजे वस्तू आपोआप पुढे सरकवणाऱ्या ठोकळ्यांच्या, लांबच लांब रांगा लावल्या होत्या. रिकामा हॉपरसुद्धा काम आले का ते सतत तपासत असतो, त्यामुळे अनावश्यक रांगा त्यांनाच मोडायला लावल्या.

मेमरीची तपासणी तिसरी. लॅपटॉपमध्ये ८ जीबीची एकच पट्टी होती. एकाच पट्टीमुळे मेमरीचा एकच चॅनल वापरला जातो, आणि ग्राफिक्स व कोअर दोघेही त्याच अरुंद वाटेवर ताटकळतात. सीताबर्डीहून तशीच दुसरी पट्टी आणून बसवल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचे नावच यूएचडीवरून आयरिस एक्सई असे बदलले. इंटेलने ते नाव दोन चॅनलच्या मेमरीशी बांधलेले आहे. ज्या लॅपटॉपमध्ये मोकळा स्लॉट आहे, त्यांनी हा खर्च सर्वांत आधी करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

पार्श्वभूमीला चालणारे ब्राउझर, व्हिडिओ, खेळाचे आपोआप रेकॉर्डिंग करणारे ओव्हरले, अँटीव्हायरसची दुपारची तपासणी, हे सारे लहान कोअरवर चालत असले तरी वॅट त्याच कोट्यातून घेतात. ते बंद करावे. गेममध्ये डायरेक्टएक्स ११, १२ किंवा व्हल्कन यांपैकी निवड करता येत असेल तर प्रत्येकावर दहा-दहा मिनिटे खेळून पाहावे आणि जो बरा वाटेल तो ठेवावा.

प्रोसेसर ॲफिनिटी बदलून गेम फक्त मोठ्या कोअरवर बांधण्याचा सल्ला फार दिला जातो. दोन मोठे आणि आठ लहान अशा रचनेत मोठ्या कोअरचे लॉजिकल प्रोसेसर साधारणतः ० ते ३ असतात. मी तसे करून पाहिले आणि परिणाम वाईट झाला: मुख्य थ्रेडसोबत चंक घडवणारे आणि जावाची मेमरी साफ करणारे थ्रेडही त्याच चार जागांत कोंबले गेले आणि नवा भूभाग दिसायला लागला की गेम पूर्वीपेक्षा जास्त अडकू लागला. सहा-आठ मोठे कोअर असलेल्या यंत्रावर या उपायाचा उपयोग होऊ शकतो. दोनच असतील तर करू नये. प्रायॉरिटी रिअलटाइम करणे तर पूर्णपणे टाळावे, कारण त्यामुळे माउस, आवाज आणि नेटवर्कच्या कामांनाच वेळ मिळेनासा होतो.

इंटेलच्या एन१०० सारख्या प्रोसेसरवर, जो २०२३ साली आला आणि आता लहान मिनी पीसींमध्ये सर्वत्र दिसतो, परिस्थिती थोडी वेगळी आहे. त्यात चारही कोअर लहान आहेत, कमाल वेग ३.४ गिगाहर्ट्झ आहे, अधिकृत वॅट ६ आहेत आणि मेमरीचा चॅनल एकच आहे. तिथे थ्रेड चुकीच्या कोअरवर जाण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे त्या दिशेने शोध घेऊ नये. एफपीएसची मर्यादा आणि मुख्य थ्रेडचा भार, हे दोनच उपाय खरे. त्याच कुटुंबातील आय३-एन३०५ मध्ये आठ कोअर आणि ३.८ गिगाहर्ट्झ आहेत. गेमसाठी या दोहोंत निवड करताना चाराचे आठ झाले याकडे कमी आणि ३.४ चे ३.८ झाले याकडे अधिक लक्ष द्यावे, मग फरक किती माफक आहे हे ध्यानात येईल.

एवढे सारे करूनही एक गोष्ट राहिलीच होती. चौघे मित्र एकत्र आले, चार वेगवेगळ्या दिशांना पांगले, की चौघांभोवतीचे चंक जिवंत ठेवताना टिकचा आकडा पुन्हा ५० च्या जवळ जाई, आणि १५ वॅटमध्ये सर्व्हरचा थ्रेड व रेखाटनाचा थ्रेड हे दोन भारी थ्रेड सोबत सांभाळणे त्या लॅपटॉपला जमत नव्हते. माझ्याकडे चार मोठ्या कोअरचा, दहा वर्षांपूर्वीचा एक डेस्कटॉप पडून होता. तो भाच्याच्या घरी नेऊन राउटरला वायरने जोडला, त्यावर माइनक्राफ्टचा स्वतंत्र सर्व्हर बसवला आणि मुलांचे गाव त्यात हलवले. आता टिकचे काम तो डेस्कटॉप करतो आणि लॅपटॉपकडे फक्त चित्र रेखाटणे उरले आहे. चौघेही खेळत असताना सर्व्हरवर टिक क्वेरी ही आज्ञा देऊन पाहिली, तेव्हा सरासरी २२ मिलिसेकंद आली. रात्री नऊ वाजता डेस्कटॉप बंद करण्यापूर्वी सर्व्हरला स्टॉप ही आज्ञा द्यायची, थेट बटण दाबायचे नाही, एवढे भाच्याला लिहून दिले आहे, आणि लाईट वारंवार जाते हे लक्षात घेऊन तो डेस्कटॉप इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला आहे.